फुकट मंडळ आणि पडद्यामागची

पाण्याचा सपकारा कापडावरून उडाला आणि थेट जमुनाच्या तोंडावर आला.

खेळ अजून सुरू व्हायचा होता. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी आमगावात उतरलेल्या त्या सिनेमाच्या तंबूत मधोमध एक पांढरं कापड टांगलेलं असे. त्याच्या समोर पुरुष बसत, मागे बायका. चित्र मागच्यांनाही नीट दिसावं म्हणून आधी कापड ओलंचिंब करत, आणि आज ते काम कुणीतरी फारच मनावर घेतलं होतं.

"ए बाप्पा! इकडं मानसं बसून राहिली ना!" जमुना ओरडली.

कापडापलीकडून आवाज आला, "मानसं? मले तं सांगतलं होतं का तिकडं बाया बसतेत."

"आन बाया मानसं नाहीत काय?"

मग तोच आवाज, थोडा वरमलेला — "हायेत बाई. चूक झाली. पुसून घ्या."

"कायनं पुसू? पाठवा तुमचा दुपट्टा!"

बायकांमध्ये हशा पिकला. शेजारी बसलेल्या धुरपताआत्यानं जमुनाला करकचून चिमटा काढला. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, कापडावरून पुरुष खांद्यावर टाकतात तसला लाल काठाचा एक दुपट्टा भिरभिरत आला नि जमुनाच्या मांडीवर पडला.

तिनं तोंड पुसलं. दुपट्ट्याला नव्या तांदळाच्या कोंड्याचा वास होता. परत करायचा होता खरं तर... पण तेवढ्यात दिवे मालवले, आणि तिलाही फारशी घाई नव्हती.

तेव्हा सिनेमाला वाचा फुटली नव्हती. पडद्यावरची माणसं नुसतीच ओठ हलवायची. मध्येच इंग्रजी अक्षरं यायची, ती समोरच्यांना वाचता येत नसत आणि मागच्यांना तर उलटी दिसत. तंबूचे मालक गुलाबचंदशेठ स्वतः हातानं यंत्र फिरवत, त्यातच त्यांना दम लागे. ते कुठून सांगणार गोष्ट? म्हणून गोंदियाच्या भातगिरणीतली तीन पोरं संध्याकाळच्या गाडीनं यायची आणि पडद्यावरच्यांना बोलकं करायची. बदल्यात काही घेत नसत, नुसती हौस. लोक त्यांना 'फुकट मंडळ' म्हणत.

त्यातला बुधराम करवंट्या आपटून घोडा दौडवायचा. उदाराम हा भरघोस मिशांचा गडी दंडारीच्या लोकनाट्यात बाईचं सोंग घ्यायचा, तोच इथं नाजूक आवाजात राजकन्या व्हायचा. आणि तिसरा पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून राजपुत्र व्हायचा, वर सगळ्यांची टिंगलही करायचा. त्याला सारे भोंगाच म्हणत. पाणी उडवलं होतं ते त्यानंच.

सिनेमा एकच होता. राक्षसानं कोंडलेली राजकन्या आणि तिला सोडवायला निघालेला राजपुत्र. पण लोक रोज नव्यानं यायचे, कारण संवाद रोज नवे असत. तिघं ते गाडीत बसून रचत आणि आमगाव येईपर्यंत आपल्याच विनोदांना हसून घेत.

"राजकुमारी, भिऊ नको!" त्या दिवशी भोंगा गरजला. "मी येऊन राहिलो!"

"हाय रे देवा, मी अबला आता काय करू?" उदाराम किंचाळला.

पुरुष खदखदले. बायका मात्र गप्प. रोज हेच ऐकून त्या कंटाळल्या होत्या.

"काय करू काय? निघ ना बाहेर!" जमुनाच्या तोंडून गेलं. "दार तं उघडंच हाय!"

साऱ्यांनी डोळे फाडून पाहिलं. खरंच की! राजकन्या ज्या दाराला कवटाळून रडत होती ते चांगलं हातभर उघडं होतं. सिनेमा काढणाऱ्याच्याही लक्षात आलं नसावं. तंबू दणाणून उठला. पहिल्यांदाच पडद्याच्या दोन्ही बाजू एकदम हसल्या.

भोंगा काही हार मानणारा नव्हता. "राजकुमारी, तुहा आवाज कसा बदलला? सर्दी बरी झाली काय?"

"हो," जमुना म्हणाली. "आन मिशाही काढल्या."

त्या दिवसापासून उदारामची राजकन्या संपली. तो आनंदानं राक्षस झाला. 'पडद्यामागची' कोण, हे पुरुषांच्या बाजूला कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि बायकांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. उलट सकाळी ढेकीवर धान कांडताना आळीतल्या साऱ्याजणी जमुनाला संवाद सुचवायच्या. एकीनं पाय मारायचा, दुसरीनं वाक्य टाकायचं, तिसरीनं ते आणखी तिखट करायचं. फुकट मंडळाची एक शाखा आमगावात उघडली होती म्हणा ना.

"पाहा, तलवार माह्या उजव्या हातात!" भोंगा सांगायचा.

"आमच्या बाजूनं तं डाव्या हातात दिसते. पहिले ठरवा, मंग लढा!"

जमुनाला त्याचं तोंड कधी दिसलं नाही. तो यंत्राच्या उजेडात सरकला की कापडावर त्याची सावली पडे — उंच अंग, डोक्यावर ताठ उभे केस, तोंडाशी भोंगा. बस, एवढंच. पण ती सावली आली की राजपुत्राकडे कोण बघतंय! रात्री अंथरुणावर पडल्यावरही तिच्या ओठांवर उद्याची उत्तरं असत, आणि उशाखाली लाल काठाचा दुपट्टा.

एकदा राजकन्या खिडकीत एकटी उभी होती. तिथं रोज एखादा टोमणा असे. त्या दिवशी भोंग्यातून हळूच आलं,

"राजकुमारी... तोंड तं दाखव कधी."

"पडद्यावर दिसून नाही राहिलं काय?"

"तिचं नाही..."

ओल्या कापडाच्या काठावरून एक थेंब सुटला आणि जमुनाच्या हातावर पडला. लोकांना वाटलं, हाही संवादच. जमुनानं मात्र तो थेंब पुसला नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात घरी पाहुणे आले.

जमुनाचे वडील केशोराव म्हणजे रोखठोक माणूस. सिनेमाला ते 'सावल्यांचा तमाशा' म्हणत आणि तंबूकडे फिरकत नसत. "नागरा गावचा पोरगा तुले पाहाले येऊन राहिला," त्यांनी सांगितलं. पोराचं नाव, काम, घर असं बरंच काही ते पुढे बोलले, पण जमुनानं काहीच ऐकलं नाही. तिच्या कानात भोंगा होता.

पाहुणा आला. डोक्यावर टोपी, नजर जमिनीवर. रीतीप्रमाणे तो एक शब्द बोलला नाही. विचारायचं ते त्याच्या मामानं विचारलं. रीतीप्रमाणेच जमुनानंही उंदराच्या आवाजात नाव सांगितलं. मग ती चहा घेऊन आली. पाहुण्याच्या कपात तिनं साखरेऐवजी मूठभर मीठ घातलं होतं. आता हा थू थू करेल, मामा भडकेल, सोयरीक मोडेल. झालं!

पाहुण्यानं एक घोट घेतला. थांबला. मग मुकाट्यानं सगळा कप संपवला. बशीत सांडलेला चहासुद्धा प्यायला, आणि कप-बशी हळूच बाजूला ठेवली.

जमुनाचा चेहरा उतरला. बिचाऱ्याचा काय गुन्हा होता?

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून नकार आला. तिनं खरं तर नाचायला हवं होतं. पण तसा चहा मुकाट पिणाऱ्यानं आपल्याला नाही म्हणावं, हे तिला उगाचच लागलं. केशोराव तर तापलेच. "माह्या पोरीले नाही म्हनते! सोमवारी केशोरी गावचे पाहुणे येऊन राहिले. आता हो मीच म्हननार. विषय संपला!"

आणि रविवारी तंबूचा शेवटचा खेळ होता.

"तुह्या मनात तो भोंगा हाय ना?" ढेकीवर आत्यानं विचारलं. "मंग सांग ना त्याले."

"काय सांगू आत्या? मले त्याचं नाव नाही मालूम, तोंड नाही मालूम..."

"मंग काय आवाजासंग लगन लावतेस?"

"लावलं असतं," जमुना म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

आत्यानं ढेकीवरचा पाय काढला. मग म्हणाली, "तं आज शेवटचा खेळ हाय. साऱ्यांसमोर बोल. लोकं समजतीन राजकन्याच बोलून राहिली. ज्याले समजायचं त्याले समजन."

जमुनानं दिवसभर एक वाक्य घोळवलं. दुपट्टा पदराखाली घेतला आणि दिवेलागणीला ती कापडाजवळ जाऊन बसली. तेवढ्यात आत्या धापा टाकत आली.

"घात झाला बाई! शेठनं मान देऊन तुह्या बापाले पुढच्या बाकावर बसवलं!"

एक शब्द काढला असता, तरी वडिलांनी आवाज ओळखला असता.

खेळ सुरू झाला. राजकन्या पडद्यावर आली, ओठ हलवले, आणि आवाज नाही.

"राजकुमारी!" भोंगा ओरडला. "आज रुसली काय?"

काही नाही.

"बोल ना बाई!" लोक ओरडू लागले. "बोल, बोल!" उदारामनं नाजूक आवाज काढून पाहिला, तर लोकांनी त्यालाच गप्प केलं. भोंग्यानं एक टोमणा मारला, दुसरा मारला. शेवटी पडद्यावर राजपुत्र घोड्यावरून उतरून गुडघ्यावर बसला, तेव्हा भोंग्यातून वेगळाच आवाज आला. हसरा होता, पण कापरा.

"नाही बोलत? मंग मीच सांगतो. राजकुमारी, मी एक पोट्टी पाहाले गेलो होतो. ह्याच गावात."

लोक खुशीत आले. राजपुत्र आणि मुलगी पाहायला!

"पन मान वर करून पाहालोच नाही तिले. काऊन का कानात तुहाच आवाज बसून होता. तिनं मले चहा देल्ला. खारट! मीठच मीठ! पूरा पेलो, आन मंग नाही म्हनून सांगतलो. तुह्यासाठी. आन तू आज बोलूनबी नाही राहिली..."

तंबू हसून लोटपोट झाला. पडद्यामागे जमुना तेवढी हसत नव्हती. तो चहा जगात दोघांनाच ठाऊक होता. ज्यानं प्यायला त्याला, आणि जिनं केला तिला.

समोर वडील बसले होते. बसू देत!

ती उभी राहिली. कापडाच्या अगदी जवळ गेली.

"खारट होता," ती म्हणाली, "तं बशीतलाबी काऊन पेला?"

बशीबद्दल भोंगा काहीच बोलला नव्हता.

खण्णकन आवाज झाला. पत्र्याचा भोंगा हातातून खाली पडला होता. गुलाबचंदशेठचा हात यंत्रावर इतका मंद झाला की पडद्यावरचा राजपुत्र पेंगत असल्यासारखा उठू लागला. आणि मग, जमुनानं कधीच न ऐकलेला, भोंग्याशिवायचा साधा आवाज आला.

"उरला असता तं घरच्यांले चव समजली असती... आन तुमाले बोलनी बसली असती."

जमुनानं तोंडावर हात दाबला. किती वेडा माणूस... आणि किती आपला!

"शालीकराम!" पुढच्या बाकावरून गर्जना झाली. ते नाव तिनं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. केशोराव उठून उभे होते. "नागऱ्याचा शालीकराम ना तू?"

"हो जी."

"माह्या पोरीले नाही म्हनला तो तूच ना?"

"हो जी. चूक झाली जी."

"आन ते पडद्यामागची, चहात मीठ टाकनारी, साऱ्या गावासमोर बोलनारी, ते माही पोरगी?"

केशोरावांच्या मिशा थरथरत होत्या, रागानं की कशानं ते अंधारात कळेना.

"घरी येऊन नाही म्हनते," ते म्हणाले, "आन तंबूत येऊन तिच्याचसाठी रडते! नाही म्हनलास ना? मंग आता हो साऱ्या गावासमोर म्हन!"

शालीकरामनं पोचा पडलेला भोंगा उचलला आणि असा काही "होऽऽऽ" ठोकला की बाहेर बांधलेले बैल बिचकले.

"आन तू?" केशोरावांनी कापडाकडे वळून विचारलं. आवाज एकदम मऊ झाला होता. "बोल वो माय. केशोरीवाल्यांले काय सांगू?"

तिनं पदराखालून दुपट्टा काढला आणि कापडावरून भिरकावला. लाल काठ उजेडात झळकले. पलीकडे तो शालीकरामच्या डोक्यावर पडला असावा, कारण बुधराम करवंट्या सोडून टाळ्याच पिटू लागला.

उरलेल्या सिनेमाला कुणी आवाज दिलाच नाही. राजकन्या आपली आपणच त्या उघड्या दारातून बाहेर आली, आणि जमुनाही कापडाच्या कडेनं समोरच्या बाजूला आली. ताठ केसांवर तिरका दुपट्टा घेतलेला एक उंच पोरगा तिथं उभा होता. नजर पुन्हा जमिनीवर.

"उद्या... चहाले येऊ काय?" त्यानं विचारलं.

"या," जमुना म्हणाली. "पन या खेपेले मान वर करून बसा."

त्यानं मान वर केली.