पाठमोरी फ्रेम

त्या दुष्काळी उन्हाळ्यात मी मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या एका गल्लीत लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचे. पत्र्याची खोली, एक कॉम्प्युटर, गरम हवाच फिरवणारा पंखा. खाली टँकरसाठी घागरींची रांग, पलीकडे नव्या इमारतींचं खोदकाम. त्याची धूळ कीबोर्डवर येऊन बसे. लग्नं काही थांबली नव्हती. टाइमलाइनवर क्लिप ओढायची, नको तेवढं कापायचं, तुकडे जोडायचे, शेवटचा व्हिडिओ तयार व्हायला रेंडरला लावायचं. सगळ्या नवऱ्या मला सारख्याच दिसायला लागल्या होत्या.

कारभारी आले ते असेच एका दुपारी. चितेगावच्या पुढे त्यांची मेंढरं असत. त्यांच्या मुलाचं, हनुमानचं लग्न आमच्या कॅमेरावाल्या रामप्रसादनं शूट केलं होतं. म्हातारा उंबऱ्यातच टेकला.

"ताई, आमची बानाबाई, हनुमानची माय, गेली. टँकरपाशी उभी व्हती, तिथंच पडली. घरात तिचा एक फोटू नाय. लग्नात व्हती ती. तोंड दिसंल असं कायतरी काढून द्या."

"काढते मामा. असेलच कुठंतरी."

त्यांना शेजारी बसवून मी सगळं मूळ, न कापलेलं फुटेज चालवलं. हळदीत बानाबाईच्या तोंडासमोर कुणाचा तरी हात होता. पंगतीत पदर. एकाच क्लिपमध्ये ती मोकळी दिसत होती. अक्षता पडत होत्या, सगळे नवरा-नवरीकडे बघत होते आणि मांडवाच्या कडेला हिरव्या लुगड्यात ती पाठमोरी उभी होती.

"ही. ही बाना," कारभारी म्हणाले. "उभं राहन्यावरनं वळखली."

क्लिप थांबवून मी तेवढी एक फ्रेम फोटो म्हणून सेव्ह केली.

"पाठ काय टांगू व्हय भिताडाला?" ते थकून म्हणाले.

"उद्या परत बघते मी."

दुसऱ्या दिवशी तीच क्लिप उघडली, तर बानाबाईच्या कानातली बुगडी दिसत होती. काल नजरेतून सुटली असेल, असं वाटलं. सेव्ह केलेला फोटो शेजारी लावला. त्यात कान नव्हता, नुसता पदर होता. फ्रेमचा नंबर दोन्हीकडे एकच.

रामप्रसादला वर बोलावलं.

"लग्नात माणूस हलतंच की गं योगिनी."

"हललं तर पुढच्या फ्रेममध्ये हलेल. ही तीच फ्रेम आहे."

त्यानं कॅमेऱ्याचं मूळ कार्ड आणून लावलं. त्यातही बुगडी होती. तो बराच वेळ बघत राहिला. "उकाड्यानं डोकं चालंना," म्हणाला आणि उठून गेला. त्यानंतर तो वर आला नाही. काम असलं की खालूनच हाक मारायचा.

मग गाल दिसला. मग नाकाचा शेंडा. फ्रेम उघडी ठेवून मी तासन्‌तास बघत बसले, पण माझ्यासमोर ती हलली नाही. ती फाइल पुसून टाकायला हवी होती. पण कारभारी रोज यायचे, उंबऱ्यात बसायचे, "दिसली का?" विचारायचे. नाही म्हणण्याइतकंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं. वळतेय तर वळू दे, असं वाटायला लागलं.

एका सकाळी चेहरा पूर्ण वळलेला होता.

उन्हानं रापलेला, दमलेला, साधा चेहरा. थेट कॅमेऱ्यात बघणारा. खरं सांगते, मला भीती नाही वाटली. सुटल्यासारखं वाटलं.

कारभारी आले.

"मामा, बघा."

त्यांनी बघितलं. खाली टँकर आला, घागरी एकमेकींवर आदळल्या, बायका ओरडल्या. ते बघतच राहिले.

"ही बाना नाय."

"अहो, तुम्हीच दाखवली होतीत."

"लुगडं तिचंच. उभं राहनं बी तिचंच. तोंड नाय."

मी क्लिप बंद करायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं.

मग मुंडाशाचं टोक हळूच ओढून त्यांनी आपलं तोंड झाकलं.

"पन ही मला वळखती," ते अगदी हळू, तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले.