पोर्चमधलं सूर्यघड्याळ

"दोन वाजता हातोडा पडणार! तोवर आपण इथून हलायचं नाही!" एडीनं जाहीर केलं.

"जेवायलासुद्धा नाही?" तिच्या धाकट्या भावानं, विल्फनं विचारलं.

"सँडविच बसूनही खाता येतं!"

एडी, विल्फ आणि त्यांची मैत्रीण टॅमसिन गावातल्या चर्चच्या पोर्चमध्ये भिंतीला टेकून बसली होती. ही भिंत फोडून चहा द्यायची खिडकी करायची, असं चर्चचे कारभारी मिस्टर पार्जिटर यांनी ठरवलं होतं. दारावर सूचना होती : 'भिंत जेमतेम दीडशे वर्षांची, बिनमहत्त्वाची. हरकतीची मुदत आज दोनपर्यंत.'

पण सकाळीच एडीला त्या भिंतीत बोटभर भोक दिसलं होतं. भोकापासून खाली पंख्यासारख्या रेघा!

"सूर्यघड्याळ! भोकात काडी खोचायची, तिची सावली रेघेवर आली की प्रार्थनेची वेळ झाली!" ती म्हणाली.

विल्फनं आइस्क्रीमची काडी खोचली. अकरा ते एक तिघांनी वाट पाहिली. काहीच वाजलं नाही.

"बंद पडलंय," विल्फ म्हणाला.

"गाढवा, वर छप्पर आहे!" टॅमसिन ओरडली.

एडी ताडकन उठली. "पण छपराखाली सूर्यघड्याळ करेल कोण?"

"मिस्टर पार्जिटर," विल्फ शांतपणे म्हणाला.

"अरे, छप्पर नंतर आलं! चर्चच्या माहितीपुस्तिकेत पोर्च पाचशे वर्षांचा असं लिहिलंय. म्हणजे भिंत त्याहून जुनी!"

दोनच्या ठोक्याला मिस्टर पार्जिटर आले. मागून गवंडी मिस्टर हॉबडे हातोडा घेऊन आणि पाद्रीबाई रेव्हरंड जुडिथ केक घेऊन.

"उठा बघू!" मिस्टर पार्जिटर म्हणाले. एडीनं रेघांकडे बोट दाखवलं. "रेघोट्या आहेत त्या, पोराटोरांच्या!"

"सूर्यघड्याळ आहे! सांगा, किती वाजलेत त्यात?" एडी जागची हलली नाही.

"मूर्ख मुली, इथे ऊन येतं कुठे?"

"तेच तर! मग हे कोरलं, तेव्हा पोर्च कुठे होता?"

मिस्टर पार्जिटरनी वर छपराकडे पाहिलं, मग रेघांकडे.

मिस्टर हॉबडेंनी दगडावरून हात फिरवला. "ही घडाई छिन्नीची नाही, कुऱ्हाडीची. माझ्या खापरपणज्याच्याही आधीची. मी नाही हातोडा लावणार."

"काम बंद!" रेव्हरंड जुडिथ म्हणाल्या. "हरकत माझ्या सहीनं जाईल. शाबास, पोरांनो! केक इथेच कापू."

मिस्टर पार्जिटरनी खिशातून पेन काढलं आणि ते एडीकडे वळले.

"पुस्तिका मीच लिहिली होती. नव्यानं लिहायला हवी. तू सांग, मी लिहितो. काय लिहू?"

"आधी भिंत, मग पोर्च," एडी म्हणाली.