मूठभर शुद्ध चिखल

वाचकहो! शहापूर तालुक्यातील लडकू या मासेमाराने मूठभर चिखलासाठी मुरबाडच्या डोंगरात प्राणांची बाजी कशी लावली, तो वृत्तान्त आता यथामती निवेदन करतो. सावधचित्ताने परिसावा.

लडकूच्या गावतळ्याभोवती अलीकडे इमारती उठल्या, गॅरेजे थाटली. त्यांची गटारे तळ्यात उतरली. गाळात शिसे सापडले आणि मासेमारी बंद झाली. गॅरेजवाले म्हणाले, "इथली मातीच मुळात तशी!" हे खोटे ठरल्यास गटारे वळवू, असा ग्रामसभेने शब्द दिला. लडकूची पुतणी संजीवनी कल्याणच्या कॉलेजात शिकत होती. ती म्हणाली, "काका, असाच काळा दगड, पण जवळ वस्ती नाय, असं तळं दाखवा. तिथला गाळ ताडून बघू."

तसे तळे डोंगरवाडीच्या काळूला ठाऊक होते. तिघे पहाटेच निघाले. कारवीच्या रानातून जाणारी वाट अकस्मात संपली. समोर उभा कातळ! दगड पायांखालून निसटू लागले.

"खाली बघू नको गो बाय!" मागून चढणारा काळू ओरडला. "खाली काय, मीच हाय!"

दुपारी ते निवळशंख तळे दिसले. लडकूने दोराला प्लास्टिकचा डबा बांधून फेकला. तो तरंगला. मग त्याने आपल्या पागाच्या जाळ्याचे जड मणी काढून डब्याला ओवले. अकराव्या खेपेस चिखल आला!

"काका, हे मणी कशाचे?"

"शिशाचे. पागाला दुसरं काय लावतात?"

"आन आपण शोधतोय काय?"

काळू खो खो हसला, "दादा, चोरालाच राखणीला बसवलास की रं!"

लडकूने तो कष्टाचा चिखल ओतून दिला, प्लास्टिकची नळी घेतली आणि सूर मारला. अंधार! कान ठणकले. नळी तळात रुतली. बूच बसले. तोच पाणवेलींनी पाय जखडले! नळी सोडावी काय? छे! त्याने ती दातांत धरली, दोन्ही हातांनी वेली तोडल्या आणि उसळून वर आला.

"मेलास असं वाटलं रं!" काळू म्हणाला.

उतरताना ती नळी तान्ह्या बाळासारखी हातोहात खाली आली.

महिन्याने संजीवनीच्या कॉलेजातून अहवाल आला. डोंगरातील गाळात शिसे नाममात्र, गावतळ्यात कित्येक पट! गॅरेजवाल्यांचे म्हणणे खोटे ठरले. दिल्या शब्दाप्रमाणे गटारे वळली आणि गाळ उपसण्यास आरंभ झाला.

"मासे कधी रे, लडकू?" शेजारच्या सकुबाईंनी काठावरून विचारले.

"दोन उन्हाळे तरी जातील, मावशे," घमेले उचलीत लडकू हसला. "पण आता थांबायला बरं वाटतं."

येथवर आपण सोबत केलीत, त्याबद्दल आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
अनिल धाकू वेखंडे, सापगाव