शेवटच्या पानावरच्या चार ओळी

कुणी हे खोटं ठरवलं, तर मी त्याचे पाय धरीन.

पण हे घडलंय. शुक्रवार, १२ मार्च १९४३. सांगलीतला माझा छापखाना. भर दुपार.

मी नानासो. गाव कोरेगाव. गावी आई, साळूबाई, एकटी असते. धाकटा भाऊ आकाराम पलटणीबरोबर मिसरला, म्हणजे इजिप्तला, लढाईवर गेलेला.

पहिला फर्मा

साताऱ्यात रद्दीत एक कादंबरी सापडली. चाळीस वर्षांपूर्वीची. लेखक कोण, कुणालाच आठवत नव्हतं. मिसरमधलं एक थडगं, त्याचा हजारो वर्षांचा शाप, आणि त्यात उतरणारा एक कारकून.

पुन्हा छापायचं ठरवलं. आमच्याकडं चार घरांआड एक गडी लढाईवर होता. म्हणून मी कारकुनाचा शिपाई केला. त्याला भावाचं नाव दिलं.

आकाराम.

जुळारी रहिमानचा हात अक्षरांच्या खिळ्यांवरच थांबला.

"मालक, जित्या मानसाचं नाव शापात घालू नगासा."

"आरं, पुस्तकात नाव आलं म्हून सगळ्या पलटणीत मिरवत फिरंल बघ त्यो!"

"फिरंल की. पर कुटं फिरंल?"

आम्ही दोघं हसलो. आणि सोळा पानांचा पहिला फर्मा छापला.

तिसरा फर्मा

८ जानेवारीला छापला. त्यात शिपायाला वाळूखालून हाक ऐकू येते.

फेब्रुवारीत आकारामचं पत्र आलं. वर तारीख... ९ जानेवारी.

'दादा, हितं वाळूखालनं कोनतरी माझ्या नावानं हाका मारतंय. गडी म्हनत्यात, ऊन लागलंय तुला.'

योगायोग.

मी ते पत्र रहिमानला दाखवलं नाही.

पाचवा फर्मा

त्यात शिपायाची सावली नाहीशी होते.

पुढच्या पत्रात एकच ओळ होती...

'दादा, माझी सावली पडत न्हाई.'

मी यंत्र थांबवलं. एकच प्रकरण उरलं होतं. त्यात थडगं मिटतं आणि शिपाई आतच राहतो. ते छापायचं नाही. विषय संपला.

आठव्या दिवशी तार आली.

आकाराम बेपत्ता.

मेला नाही. जखमी नाही. नुसता... नाही.

मी गोष्ट जिथं थांबवली होती, तिथंच तो थांबला होता.

शेवटचा फर्मा

जुनं शेवटचं प्रकरण मी फाडून टाकलं. रहिमान खिळ्यांना हात लावेना. मग मीच बसलो.  घाईत सुचल्या तेवढ्या चार ओळी जुळवल्या.

आकाराम परत आला.
भर दुपारी दारात उभा राहिला.
आईने पाणी दिले.
तो हसला.

शुक्रवारी बाराच्या ठोक्याला ते पान छापलं.

शनिवारी आमचे गावाकडचे शेजारी तात्याबा छापखान्यात आले. चेहरा पांढराफटक.

"नानासो, काल दुपारी आकाराम आला. पर... तू चल बाबा."

पुढं फर्मा नाही

रविवारी बारा वाजता मी त्याला माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तो रस्त्यानं आला. दारात थांबला. आईनं तांब्या पुढं केला. तो हसला.

आणि... तसाच राहिला. हसत.

"आत ये की रं, लेकरा," आई म्हणाली.

त्यानं उंबरा ओलांडला नाही. पापणी लवली नाही. तांब्यातलं पाणी कमी झालं नाही. मी त्याचा हात धरला. एवढ्या उन्हात... हात गार होता.

दिवस मावळला. दारात कुणी नव्हतं.

सोमवारी बारा वाजता पुन्हा रस्ता. दार. पाणी. हसू.

मी आईला त्या चार ओळींचं सगळं सांगितलं. ती रडली नाही. माझ्यावरच उखडली.

"मग फुडं लिव की! त्यो आत आला म्हून लिव. हात मोडलं का तुजं?"

"आई, पर त्यो आकारामच हाय का..."

"माझ्या पोटचा हाय. मला नगं शिकवू."

सांगलीला आलो. पाचवी ओळ जुळवली. 'तो घरात आला.' पण छापायचा धीर होईना. आठ दिवस ती ओळ तशीच पडून होती.

परवा मी पोस्टात गेलो असताना आई छापखान्यात आली. रहिमानच्या पायावर तिनं डोकं ठेवलं.

"माजं पोर रोज उन्हात उबं ऱ्हातंय रं, रहिमान..."

त्यानं पाचव्या ओळीसकट त्या पानाची एकच प्रत छापून दिली. आईनं ती पदराला बांधली आणि स्टेशन गाठलं. मला कळलं तेव्हा गाडी सुटली होती.

आज तात्याबांचा निरोप आला. काल बारा वाजता दारात कुणी आलं नाही. दार आतून बंद आहे. हाका मारल्या तरी आई ओ देत नाही. कौलांतून धूर नाही. दार फोडायला गावातला एकही गडी पुढं होत नाही.

मी कोरेगावच्या गाडीत आहे. हे डब्यातच लिहितोय.

पाचव्या ओळीत मी तो घरात आला, एवढंच जुळवलं होतं.

आईचं पुढं काय, ते मी लिहिलंच नव्हतं...