पाठमोरा दगड

रविवारी जेवणं झाली की सासूबाईंना चाकाच्या खुर्चीतून जुन्या दफनभूमीत न्यायचं, त्यांच्या आईवडिलांच्या थडग्यावरच्या फुलझाडांना पाणी घालायचं आणि येताना प्लमचा केक आणायचा, हा आमचा नेम होता. त्या सप्टेंबरात मात्र फाटकातून आत शिरताच त्या म्हणाल्या, "गुद्रुन, भिंतीकडे घे."

भिंतीलगत वेलींत एक दगड उभा होता. त्यावर काहीच कोरलेलं नव्हतं.

"कोरा नाही तो. पाठमोरा आहे."

नाव पलीकडे होतं. योहान सेलिम, प्रशियन घोडदळातला तुतारीवाला. लहानपणी सुदानातून आणलेला. सासूबाईंचे पणजोबा. नाझी काळात शुद्ध रक्ताचे दाखले मागायला लागले, तेव्हा हे आफ्रिकी नातं उघड होऊ नये म्हणून सासूबाईंच्या वडिलांनी दगड फिरवून ठेवला. छोटी एल्फ्रीडे, म्हणजे माझ्या सासूबाई, फाटकाशी राखणीला उभी होती.

"युद्ध संपल्यावर सरळ करायचा होता ना," मी म्हणाले.

"लोकांनी विचारलं असतं, फिरवला कोणी? मग राहून गेलं."

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. दगड फिरवणं मला अवघड वाटलं नाही. दफनभूमीचे रखवालदार ब्रोझे यांनी गडी आणले, कप्पी लावली आणि नाव वाटेकडे केलं.

पुढच्या रविवारी दगड पुन्हा पाठमोरा होता.

"माझ्याकडे बघू नका," ब्रोझे म्हणाले. "चेष्टा करायची तर हलका दगड निवडला असता."

या वेळी दगड सरळ करून बुडाशी सिमेंट भरलं. मी स्वतः उभी राहिले.

सिमेंट वाळलं. दगड फिरला. सिमेंटला चीर नव्हती. थापीचे फराटेसुद्धा जसेच्या तसे. मी बोट फिरवून पाहिलं आणि हात कोटाच्या खिशात घातला.

"त्यांना आमचं तोंड बघायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला जवळ ने. आणि तू पाणी भरायला जा."

झारी भरत असताना त्यांचा आवाज कानावर आला.

"पणजोबा, कोणी येतंय असं मी नुसतं खोटं सांगितलं असतं, तरी बाबा थांबले असते. सुचलं होतं मला. पण त्यांना राग येईल म्हणून बोलले नाही."

घरी येताना केक नको म्हणाल्या.

पुढच्या रविवारी नाव वाटेकडे होतं.

सासूबाईंनी एकेका अक्षरावरून हात फिरवला. रडल्या नाहीत. "चल, बाबांकडे पाणी घालू," म्हणाल्या.

त्यांच्या वडिलांचा काळ्या ग्रॅनाइटचा दगड आमच्याकडे पाठ करून उभा होता.

पुढ्यातल्या बेगोनियाची एकही पाकळी चुरगळली नव्हती. दगडाच्या खडबडीत पाठीवर जाड, जुनं शेवाळ होतं.

सासूबाई शेजारच्या रिकाम्या हिरवळीकडे बघत होत्या.

"माझी जागा इथेच घेऊन ठेवलीय ना गं?"

मी झारी उचलली आणि बेगोनियाला पाणी घालत राहिले.