मागच्या गेटचा बदली

दादा गेटच्या आत पडला होता की बाहेर?

धाकट्याला एवढंच विचारायचं होतं. पोलीस चौकीतल्या हवालदाराने फाइलवरून मान न उचलता सांगितलं, "आत असेल तर ती खाजगी जागा. कंपनीने तक्रार द्यायला हवी." गोदामाच्या सुपरवायझरने दात कोरत सांगितलं, "बाहेर असेल तर रस्ता सरकारचा. आणि जागा सोडून गेलाच कशाला तो?" या सुपरवायझरला सगळे मेजर म्हणायचे. त्याची सगळी लढाई हजेरीपटाशी.

मागच्या गेटवर पहाऱ्याला असलेला दादा मरून पडला होता सरकत्या गेटच्या लोखंडी रुळावर. डोकं रस्त्यावर, पाय आवारात.

त्याचा मोबाइल घरी आला तेव्हा धाकट्याने शेवटचे फोन पाहिले. पोलीस, मेजर, पोलीस, मेजर. सहा एक्केचाळीस ते सहा चोपन्न. तिघे जण कुंपणाच्या तारा कापत होते, आणि त्या तेरा मिनिटांत हवालदार म्हणत होता आधी तुमच्या साहेबांना कळवा, मेजर म्हणत होता आधी पोलिसांना कळवा. दोघांनीही हे नंतर सरळ चेहऱ्याने सांगितलं, जणू आपापलं काम चोख केलं होतं. सातला दादाची ड्युटी संपायची होती. त्याच्या जागी यायचा माणूस, त्याचा बदली, त्या दिवशी उशिरा आला.

चौकीतला हवालदार चहा सांगायला बाहेर गेला. टेबलावर पुराव्याच्या पाकिटात दादाची शिट्टी होती, तोंडाशी दातांचे व्रण उमटलेली. धाकट्याने पाकीट फाडलं आणि शिट्टी खिशात टाकली. मागचापुढचा विचार त्याला कधी जमलाच नव्हता. ते खातं दादाकडे होतं.

"रोज स्वप्नात येतात," वहिनी म्हणाली. दादाच्या गणवेशाची शिवण उसवून ती धाकट्याच्या मापाची करत होती. "दारातच उभे. टोपीसकट. बसा म्हटलं तर म्हणतात, बदली आला नाही अजून."

"वहिनी, स्वप्न ते."

"ठाऊक आहे. पण तुम्ही दोघं भाऊ, एकाला समजावलं की दुसरा ऐकत नाही. शिवून तर देतेय ना तुला?"

धाकट्याने तीच नोकरी धरली. मेजरने पहिल्या दिवशी नियम सांगितला: बदली आला, सामान मोजून घेतलं, वहीत सही केली, तरच आधीचा माणूस सुटतो. "तोवर जीव गेला तरी जागा सोडायची नाही," असं म्हणून तो हसलाही.

पुढच्या गेटवर त्याच्या जोडीला एक म्हातारा पहारेकरी होता. मागचं गेट दादा गेल्यापासून बंदच होतं. तिथली केबिन रिकामी, फोनची तार कापलेली. तरी रोज सातला दहा कमी असताना पुढच्या केबिनमधला फोन वाजायचा.

"उचलायचा नाही," म्हातारा म्हणाला. "सात वाजले की आपोआप थांबतो."

"कोण असतं?"

"ज्याला कुणी सोडवलं नाही तो."

"तुम्ही गेला नाहीत कधी बघायला?"

"माझी हद्द इथपर्यंत, पोरा," म्हातारा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून ओशाळला.

त्या संध्याकाळी धुकं लवकर उतरलं. ओल्या पोत्यांचा कुबट वास आवारभर पसरला होता. फोन वाजला. म्हाताऱ्याने हात धरायच्या आत धाकट्याने तो उचलला होता.

"मागचं गेट..." पलीकडून थकलेला आवाज आला. "बदली आला का?"

"येतो, दादा."

त्याने वही काखेत मारली आणि गोदामांच्या दोन रांगांमधून चालू लागला. जसजसा पुढे गेला तसतसा पोत्यांचा वास मागे पडला आणि ग्रीसचा वास वाढत गेला. मागची केबिन काळोखी होती. आत खुर्ची करकरली. कुणीतरी उठून उभं राहिलं होतं.

"सामान मोजून घे."

"दादा... मी आहे रे..."

"बॅटरी एक."

अंधारातून बॅटरी त्याच्या तळहातावर आली. गरम होती, तासन्‌तास मुठीत धरल्यासारखी.

"काठी एक."

"आहे."

"शिट्टी..."

तिथे आवाज अडला. इतके दिवस रोज संध्याकाळी सगळं इथेच अडत होतं, हे धाकट्याला कळून चुकलं. शिट्टी पोलिसांच्या पाकिटात गेलेली, आणि सामान पुरं नसताना दादा जागा सोडणारा नव्हता. त्याने खिशात हात घातला.

"आहे, दादा. एक."

काळोखात कुणीतरी लांब श्वास सोडला.

"दादा, सांग ना... तू आत पडलास की बाहेर?"

बुटांचा आवाज तेवढा रुळावरून खणखणत गेला, मग रस्त्यावरून, दमलेला माणूस घरी जातो तसा.

धाकट्याने बॅटरीच्या उजेडात वही उघडली. 'सामान दिले' या रकान्यात दादाची वाकडी सही होती. शाई ओली. त्याने शेजारी आपली सही केली. पुढचा रकाना त्याच्या स्वतःच्या सुटकेचा. कोरा.

घर पाऊण तासावर होतं. मोबाइल लगेच वाजला.

"धाकट्या..." वहिनी कुजबुजत होती. "आलेत रे. बूट दाराशी काढलेत, ग्रीसने माखलेले... बसलेत."

"काही बोलला?"

"पाणी प्यायले. पण झोपत नाहीत. सारखं विचारतायत, धाकट्याचा बदली कोण?"

धाकट्याने समोर पाहिलं. इतके दिवस बंद असलेलं गेट आता उघडं होतं, पलीकडे रस्ता मोकळा. तो रुळापलीकडे पाऊल टाकायला पाय उचलू गेला. उचलला गेला नाही. दोन्ही हातांनी गुडघा धरून ओढला. नाही.

तो मागे फिरला. तेव्हा मात्र पाय सहज निघाले. केबिनमध्ये जाऊन तो खुर्चीत बसला. खुर्ची अजून गरम होती.

"वहिनी, त्याला सांगा," तो म्हणाला, "बदली माझ्या समोरच उभा आहे. सामान मोजतोय. मी निघालोच. आता झोप म्हणावं."