जिन्यातल्यासारखा दिवा

शिडी डगमगली तेव्हा वर दिवा बसवत असलेल्या तिच्या तोंडात दोन स्क्रू होते. खालून कुणीतरी शिडी घट्ट धरली.

"पडू नका हं," तो म्हणाला. "अजून माझ्या टेबलावर प्रकाश पडायचाय."

"आधी मी पडत नाही ना ते बघा," ती स्क्रू सांभाळत पुटपुटली.

प्रदर्शनाच्या दालनात सगळे तिला 'वायरमन' म्हणत. तो डिझायनर. पन्नास वर्षांनी जग कसं असेल, त्या जगातल्या वस्तू तो बनवायचा. विकायला नव्हे, बघणाऱ्याला प्रश्न पडावा म्हणून. तिने त्याचं नाव 'भविष्यवाले' ठेवलं. आठवडाभर तो न बोलावता शिडी धरायला येत राहिला, आणि तीही एकेक दिवा जरा सावकाशच बसवू लागली.

उद्घाटनाच्या दिवशी परीक्षकही येणार होते. सकाळी तिने सगळे दिवे तपासले. त्याच्या लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना पितळेची एकेक चकती होती, मधोमध दिवा. एका चकतीवर हात ठेवला... दिवा लागेना. दुसरीवर ठेवला, तरी नाही. तिने खाली वाकून पाहिलं. जोडणीच चुकलेली! जिन्यात कशी दोन बटणं असतात, खालून लावा नाहीतर वरून, तसं करायचं असणार. बिचारा भविष्यवाला! तिने दोन वायरी बदलल्या. आता कुठल्याही एका चकतीला हात लावताच दिवा लागला.

दुपारी तो पाटी घेऊन आला. त्याचा हात चकतीला टेकताच दिवा लागला आणि तो जागीच थबकला.

"हा... हा लागला कसा?"

"मी दुरुस्त केला," ती हसत म्हणाली.

त्याने पाटी पुढे केली. त्या भविष्यात कायद्याने वीज फक्त जोडीने राहणाऱ्यांना मिळते, असं लिहिलं होतं. दोघांनी दोन टोकांना हात ठेवले तरच दिवा लागणार. एकटा आलेला अंधारात बसणार.

तिचं हसू मावळलं. "परीक्षक किती वाजता येणार?"

"चार."

"त्यांनी हे टेबल निवडलं नाही तर?"

"दोन वर्षं वाया."

ती पक्कड घेऊन टेबलाखाली शिरली. पहिली वायर चिमटीत धरली आणि थांबली. तिथूनच म्हणाली, "पूर्ववत करते, दहा मिनिटांचं काम आहे. पण एक विचारू? मला आत्याने वाढवलं. एकटीने. तिने काय अंधारात बसायचं होतं?"

"हाच तर प्रश्न लोकांना पडायला हवा..."

"मला पडला की! आणि राग पण आला."

तोही गुडघ्यांवर बसून टेबलाखाली आला. दोघांची डोकी हलकेच आपटली.

"मी एकटाच राहतो," तो चाचरत म्हणाला. "एका रात्री वीज गेली होती तेव्हा हे सुचलं. दोन वर्षं नुसता प्रश्न घासूनपुसून लख्ख करत बसलो. उत्तर द्यायचं धाडस... तुम्ही केलंत."

"धाडस कसलं? चूक केली."

"ती राहू द्या. वायरी आहेत तशाच असू देत."

"आणि परीक्षक?"

"त्यांना खरं ते सांगू."

बाहेर येऊन त्याने पाटीवर पेनाने एक ओळ वाढवली: 'हा कायदा एका वायरमनने मोडला.' चार वाजता परीक्षकांतल्या वयस्कर बाईंनी ती ओळ दोनदा वाचली, एकट्याच टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसल्या, चकतीवर हात ठेवला आणि दिवा लागल्यावर कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. निकाल मात्र आठवड्याने कळणार होता.

दालन रिकामं झालं. तिने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"आता शिडीचं काम संपलं," ती म्हणाली.

"हो ना..." त्याने टेबलाकडे पाहिलं. "जरा बसता?"

ती एका टोकाला बसली. चकतीवर हात ठेवला, दिवा लागला. तो दुसऱ्या टोकाला जाऊन बसला आणि त्याने आपला हात तिकडच्या चकतीवर ठेवला.

"अहो भविष्यवाले, एका हाताने लागतो आता."

"माहीत आहे," तो म्हणाला. हात तसाच होता.

तिने खांद्यावरची पिशवी उतरवून खाली ठेवली.